दीड वाजताचा वारा

उषाताईंना वाऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी गेली तीन वर्षं रोज सकाळी नऊ वाजता त्या उज्जैनमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून आठशे किलोमीटर लांबच्या समुद्रावर वारा कधी सुटणार ते सांगत होत्या. आणि सांगितलेलं बहुतेक खरं ठरत होतं. यात त्यांची हुशारी काही नव्हती. त्या आपल्या पोचवायचं काम करत होत्या. सांगणारा वर गच्चीवर होता, ऐकणारी कोकणात होती, आणि बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते.

बाप म्हणजे दत्तात्रय. अडतीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केलेला माणूस. इंदूर, रतलाम, सागर, पुन्हा इंदूर अशा बदल्या झाल्या, शेवटी उज्जैनमध्ये नानाखेड्याला घर बांधून स्थिर झाले. निवृत्तीला आठ वर्षं झाली, पण निवृत्त झालं ते खातं, हे नाही. फ्रीगंजमधल्या एका वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी वाऱ्याचा बाण करून घेतला, तो गच्चीवर लोखंडी नळीवर बसवला, आणि सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच, या दोन वेळा काही चुकवल्या नाहीत. स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा गृहस्थ मांडवाबाहेर जाऊन ढग बघून आला होता.

बाणाकडे ते नंतर बघत. आधी डोळे मिटून उभे राहत आणि मान हळूहळू फिरवत. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला की थांबत. नाक जिकडे, तिकडून वारा. मग डोळे उघडून बाण बघायचा. बाण आणि नाक यांचं पटलं नाही, असं उषाताईंनी कधी पाहिलं नव्हतं.

लेक म्हणजे मुक्ता. वय चौतीस. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी, लांब पुळणीवर ती लोकांना काइटसर्फिंग शिकवते. उषाताई नातेवाइकांना सांगताना म्हणत, ‘‘पतंग माहीत आहे ना आपला? संक्रांतीचा? बस, तोच. पण खोलीएवढा मोठा. तो कमरेला बांधायचा, पायाखाली फळी घ्यायची, आणि तो ओढेल तसं पाण्यावर पळायचं.’’ ऐकणारा तोंडात बोट घालायचा आणि विचारायचा, ‘‘आणि नोकरी?’’

नोकरी होती. फ्रीगंजच्या बँकेत, चांगली, पक्की. तीन वर्षांपूर्वी मुक्तानं ती सोडली. सुटीत एकदा कोकणात गेली काय, तो पतंग हातात घेतला काय, आणि परत आली ती निम्मीच आली. राजीनामा देऊन निघाली त्या दिवशी बाप-लेकीची जुंपली. दत्तात्रय मोठ्या आवाजात बोलणारे नव्हेत, पण त्या दिवशी बोलले. ‘‘वाऱ्याच्या भरवशावर पोट भरत नसतं. जायचं तर जा. मग मला फोन करायचा नाही.’’

मुक्ता दारात बॅग घेऊन उभी होती. ती म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही अडतीस वर्षं कशाच्या भरवशावर पोट भरलंत?’’

यावर दत्तात्रय तीन वर्षं गप्प बसले. बसस्टँड घरापासून दहा मिनिटांवर, पण पोचवायलाही गेले नाहीत. साडेआठ वाजले म्हणून गच्चीवर गेले. आणि मुक्ताही बापाचीच. फोन करायचा नाही म्हणाले ना, मग नाही केला. दिवाळीला नाही, वाढदिवसाला नाही. रोजचा फोन आईला.

आता यातली गंमत पुढेच आहे. मुक्ता गेली आणि दोनच महिन्यांत दत्तात्रय कोकणचा वारा बघायला लागले. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र, दाबाचा नकाशा, सगळं भिंग लावून बघत. नाश्त्याला पोहे खाता खाता लोणच्याच्या बरणीला उद्देशून म्हणत, ‘‘आज तिकडं बारापर्यंत जमिनीवरचा वारा राहील. पूर्वेचा. किनाऱ्यावरून आत समुद्रात ओढणारा. अशा वाऱ्यात शिकाऊ माणूस पाण्यात घालू नये.’’ मग घोटभर चहा. ‘‘सांग तिला.’’

बरणीला फोन करता येत नसल्यामुळे उषाताईंना करावा लागे.

पहिल्या दिवशी त्या घोकत घोकत फोनपर्यंत गेल्या होत्या. पुढे पुढे त्यांना त्यातलं मर्म समजायला लागलं, ते त्यांच्या परीनं. दत्तात्रय सांगत, की दुपारी जमीन तापते, समुद्र तेवढा तापत नाही. जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची धावत येते. उषाताई म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमच्या माहेरची चूल. पेटली की दाराच्या फटीतून गार हवा पायाला लागायची.’’ दत्तात्रयांनी चमचा खाली ठेवून बायकोकडे पाहिलं. अडतीस वर्षांत त्यांना हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. ‘‘तेच,’’ ते म्हणाले. ‘‘आणि आपला माळवा, खानदेश, वऱ्हाड, सगळं एकदम तापलं की ती मोठी चूल. मग किनाऱ्यावरच्या वाऱ्याला वायव्येकडून आणखी जोर येतो. आपण इथं भाजून निघालो की तिचा पतंग चांगला चालतो.’’

तेव्हापासून उषाताईंनी उन्हाळ्याला नावं ठेवणं बंद केलं. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसला गेला की कूलरसमोर बसून म्हणत, ‘‘असू दे. पोरीचं काम होतंय.’’

सगळं असं सुरळीत चाललं होतं, आणि तसंच चालत राहिलं असतं. पण मागच्या महिन्यात उषाताईंना नदीकाठच्या राम घाटाच्या पायऱ्या चढताना घेरी आली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ऊन लागलं. दोन दिवस पडून राहिल्या. त्या दोन दिवसांत त्यांच्या मनात एकच घोळत राहिलं. त्या पडून होत्या, फोन शेजारी वाजला नाही कारण त्यांनीच बंद ठेवला होता, आणि दोन दिवस गच्चीवरचा वारा कोकणात पोचला नाही. दत्तात्रय तीनदा खोलीत येऊन गेले. तीनदा म्हणाले, ‘‘बरं वाटतंय का?’’ आणि तिन्ही वेळा त्यांची नजर फोनवर गेली. उचलला मात्र नाही.

मी अशीच एक दिवस गेले तर? उषाताई मनाशी म्हणाल्या. या दोघांच्या मध्ये मी आहे तोवर वाऱ्याचं तरी बोलणं आहे. मी गेले की तेही संपलं. हा माणूस बरणीशी बोलत बसेल आणि ती पोरगी तिकडं वाट बघत बसेल.

त्या दिवसापासून त्यांनी मनाशी घेतलं, की या दोघांना बोलतं करायचं. सांगून झालं होतं, रडून झालं होतं, एकदा उपासही करून झाला होता. आता उपाय उरला होता तो एकच, आणि तो त्यांना नवऱ्याच्या नोकरीनंच शिकवला होता.

दत्तात्रयांच्या खात्यात एक नियम होता. नोंदवहीत चूक झाली तर खोडरबर लावायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि ज्यानं चूक केली त्यानंच सही करायची. दुसऱ्यानं केलेली दुरुस्ती चालत नसे. चूक झाकायची नाही, आणि दुसऱ्यावर ढकलायचीही नाही. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते घालताना एका घराचा नंबर चुकला, तर त्यांनी रेघ मारून बाजूला सही केली होती. व्याह्यांना वाटलं, ही काहीतरी कोर्टाची नोटीस आहे.

तर या माणसाच्या नावावर एखादी चुकीची नोंद गेली, की तो गप्प बसणार नाही, हे उषाताईंना पक्कं ठाऊक होतं. बेत साधा होता. मुक्ताला एक दिवस उलटं सांगायचं. वारा आहे तर नाही म्हणायचं. वारा नसताना आहे असं मात्र म्हणायचं नाही, त्यात जिवाला धोका. वारा नाही म्हटलं तर फार तर काय होईल? तिच्या फोनवर तीन-तीन ॲप आहेत, ती बघेलच. दुपारी वारा सुटला की म्हणेल, बाबांचं चुकलं. ते आपण वर पोचवायचं. मग बघू, हा माणूस फोन कसा हिसकावून घेत नाही ते.

ती संधी एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी आली. आदल्या रात्री अवेळी ढग आले, चार थेंबही पडले. सकाळी दत्तात्रय गच्चीवरून उतरले आणि बरणीला म्हणाले, ‘‘हे ढग पूर्वेला सरकतायत. घाटमाथा आणि कोकण नऊपर्यंत मोकळं होईल, आपल्याकडं दहा-सव्वादहाला. जमीन उशिरा तापेल, म्हणून वाराही उशिरा. बाराऐवजी दीड. पण आला की चांगला येईल, चौदा-पंधरा नॉट, म्हणजे ताशी सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. वायव्येचा, किनाऱ्याला तिरका. सांग तिला, घाई करू नको म्हणावं. दीडपर्यंत थांब.’’

उषाताईंनी फोन लावला आणि म्हणाल्या, ‘‘मुक्ता, इथं ढगच ढग आहेत बघ. जमीन तापणार नाही. बाबा म्हणतात, आज वारा नाही तुमच्याकडं.’’

‘‘आज नाही?’’ मुक्ताचा आवाज एकदम उतरला. ‘‘पक्कं?’’

‘‘पक्कं. चल, दूध उतू जातंय,’’ म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. खोटं बोलणाऱ्याला नेहमी घाई असते. दूध फ्रिजमध्ये होतं.

पावणेअकराला मुक्ताचाच फोन आला.

‘‘आई, बाबांना थँक्यू सांग. तुला सकाळी सांगायचं राहिलं, तू फोनच ठेवून दिलास. काइटसर्फिंग संघटनेचे ते निवड समितीवाले उद्या येणार होते ना, ते कालच आले. मुलांचं शिबिर कुठल्या किनाऱ्यावर घ्यायचं ते बघतायत. आमच्या नंतर दोन जागा आहेत त्यांच्या यादीत. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आज वारा नाही, थांबून उपयोग नाही. सामान भरतायत गाडीत. चला, त्यांचा दिवस तरी वाया नाही गेला.’’

उषाताईंनी ओट्याची कड धरली. ‘‘अगं, पण तू तुझं ते ॲप नाही का बघितलंस?’’

‘‘बघितलं ना. तिन्ही बघितली. तिन्ही म्हणतात, वारा आहे. पण बाबा नाही म्हणाले म्हणजे नाही.’’ मुक्ता हसली. ‘‘संक्रांतीचं आठवतं ना तुला? सगळी गल्ली सकाळी सातला पतंग घेऊन गच्चीवर. बाबा म्हणायचे, अकराच्या आधी वारा नाही. मी अकरापर्यंत मांज्याला हात नाही लावायची. सगळ्यांची बोटं कापून झालेली असायची, मग मी वर जायची. कधी चुकलेत ते?’’

उषाताईंना वाटलं, आता इथंच बसावं. तीन वर्षं ज्या बापाशी ही पोर बोलली नाही, त्याच्या एका शब्दावर तिनं तीन यंत्रं खोटी ठरवली होती. आणि तो शब्द बापाचा नव्हताच.

‘‘बेटा, त्यांना थांबव. मी लगेच फोन करते,’’ एवढंच बोलून त्या जिना चढल्या. गुडघा दुखत होता, त्याच्याकडे लक्ष गेलं नाही.

गच्चीवर ऊन लख्ख पडलं होतं. ढग सव्वादहाला गेले होते, सांगितल्याप्रमाणे. दत्तात्रय स्टुलावर उभे राहून बाणाला तेल घालत होते. उषाताईंनी सगळं सांगितलं. घेरीपासून सांगितलं, काही लपवलं नाही. सांगता सांगता त्या रडायला लागल्या.

दत्तात्रय स्टुलावरून खाली उतरले. तेलाची बाटली कठड्यावर ठेवली. रागावतील, असं उषाताईंना वाटलं, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

‘‘माझ्या नावावर?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुमच्या नावावर.’’

‘‘आणि तिनं ते मानलं? ॲप सोडून?’’

‘‘मानलं. मतलब, आंधळ्यासारखं मानलं हो. संक्रांत काढली तिनं.’’

त्यांनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाले, ‘‘दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. फोन लाव.’’

उषाताईंनी फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि आपल्या पोटच्या पोरीपुढं कबुली दिली. ‘‘बाबा तसं नव्हते म्हणाले. बाबा म्हणाले होते, दीड वाजता येईल, आणि चांगला येईल. मी खोटं बोलले. तुम्ही दोघं भांडाल तरी, असं वाटलं मला. भांडायला तरी बोलाल.’’

मग मुक्ता म्हणाली, ‘‘आई, तू ना…’’ आणि थांबली. आवाज रागाचा नव्हता. ‘‘मी नाही रागावले. पण आता मी काय करू सांग. मघाशीच मी त्यांना म्हटलं वारा नाही. आता म्हणू, आहे? भय्यासाहेब म्हणून मोठे आहेत त्यांच्यात, ते गाडीत बसलेत. इथं पाणी आरशासारखं पडलंय, झावळी हलत नाहीये. ते हसतील मला.’’

‘‘अगं, पण खरंच येणार आहे. मी सांगते ना.’’

‘‘आज तुझ्याकडून नाही घेणार मी, आई,’’ मुक्ता हळूच म्हणाली. ‘‘बाबांनी स्वतः सांगितलं तर थांबवते त्यांना. नाही तर जाऊ देते.’’

उषाताईंनी फोन नवऱ्यापुढे धरला. दत्तात्रयांनी फोन घेतला नाही. तीन वर्षांनी पोरीशी काय बोलायचं असतं, ते या माणसाला येत नव्हतं. कुणालाच येत नसेल. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. फोनमध्ये कुठल्या तरी गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मग दत्तात्रयांनी डोळे मिटले. मान हळूहळू फिरवली. डावीकडे, थोडी उजवीकडे, आणि थांबवली. डोळे न उघडता त्यांनी हात पुढे केला, फोन घेतला आणि येत होतं ते बोलले.

‘‘उज्जैन. वेळ अकरा वाजून दोन मिनिटं. तापमान अडतीस, चढतंय. आकाश निरभ्र. वारा पश्चिम-वायव्य, पाच नॉट.’’ त्यांनी घसा साफ केला. ‘‘तुमच्याकडचा वारा आता पूर्ण पडलाय म्हणालीस. पडलाच पाहिजे. जमिनीवरचा गेल्याशिवाय समुद्रावरचा येत नाही. पाण्याकडं बघत राहा. वायव्येला, लांब, पाण्यावर काळसर रेघ दिसेल. ती किनाऱ्याकडं सरकायला लागली की पतंगात हवा भरायला घे. दीड वाजता. थांबव त्यांना.’’

‘‘हो, बाबा,’’ मुक्ता म्हणाली. इतकंच. पण ते ‘बाबा’ म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि उषाताईंनी पदर तोंडाला लावला.

त्या भय्यासाहेबांना मुक्तानं काय सांगितलं कोण जाणे. फोन चालू होता, तेवढ्यात त्यांचं बोलणं कानावर पडलं. ‘‘उज्जैनमधून? समुद्राचा वारा उज्जैनमधून कळतो?’’ आणि मुक्ता म्हणाली, ‘‘माझ्या वडिलांना कळतो.’’ मग कुणीतरी हसलं, आणि जेवूनच जाऊ, असं काहीतरी ठरलं.

एक वाजता दत्तात्रय पुन्हा गच्चीवर जाऊन उभे राहिले. जेवले नव्हते. उषाताई छत्री घेऊन मागून गेल्या आणि त्यांच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. गच्चीची फरशी चपलांतून पोळत होती. मुक्ताचा फोन आला तो त्यांनी बंद करू दिला नाही. ‘‘चालू राहू दे,’’ म्हणाले.

दीड वाजला.

‘‘बाबा, काही नाही अजून.’’

‘‘रेघ बघ.’’

एक पस्तीस. फोनमधून भय्यासाहेबांचा आवाज आला, ‘‘मॅडम, निघू या ना?’’ ‘‘पाच मिनिटं,’’ मुक्ता म्हणाली. दत्तात्रयांच्या कपाळावरून घाम ओघळून कानामागं गेला. उषाताईंना वाटलं, देवा महाकाला, मी खोटं बोलले, त्याची शिक्षा यांना नको. यांचा एवढा एक शब्द खरा कर. पुन्हा जन्मात दूध उतू गेलं म्हणणार नाही.

‘‘उशीर झाला तर सांग त्यांना, चूक माझी,’’ दत्तात्रय म्हणाले. ‘‘तुझी नाही.’’

‘‘बाबा, गप्प बसा जरा,’’ मुक्ता म्हणाली. मग तिचा श्वास ऐकू आला. ‘‘बाबा. रेघ.’’

‘‘कुठं?’’

‘‘वायव्येला. लांब. काळी. सरकतेय… बाबा, सरकतेय!’’ आणि ती ओरडली, फोनमध्ये नाही, किनाऱ्यावरच्या पोरांना. ‘‘पंप आण! नऊ मीटरचा पतंग काढ! भय्यासाहेब, थांबा, थांबा, तिकडं बघा!’’

आणि मग फोनमधून तो आवाज आला. आधी खरखर, मग फडफड, मग असा भरभरून घोंगावला की मुक्ताचे शब्द त्यात बुडून गेले. तिकडचा वारा फोनच्या तोंडात शिरत होता. दत्तात्रयांनी फोन उजव्या कानाला लावला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. आयुष्यभर नकाशावर ज्या वाऱ्याचे बाण काढले, तो वारा ते पहिल्यांदा ऐकत होते. समुद्र म्हणून त्यांनी एकदाच द्वारकेला पाहिला होता, तोही गर्दीतून.

‘‘किती आहे?’’ ते ओरडले.

‘‘पंधरा! सोळा!’’ मुक्ता ओरडली. ‘‘बाबा, मी जाते पाण्यात!’’

‘‘जा! तिरका आहे, किनाऱ्याकडंच आणेल! जा!’’

छत्रीची सावली केव्हाच सरकली होती. उषाताई छत्री विसरून दुसऱ्या बाजूला धरून उभ्या होत्या, आणि नवरा उन्हात उभा राहून रडत होता.

साडेपाचला दत्तात्रय संध्याकाळच्या नोंदीला वर गेले. उषाताई चहा घेऊन गेल्या, तर ते वही उघडून नुसते बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. उषाताईंचा नाही. त्यांचा. तीन वर्षांत त्या नंबरवरून त्या फोनला पहिल्यांदा.

‘‘बाबा, ते थांबणार आहेत. दोन दिवस,’’ मुक्ता अजून धापा टाकत होती. ‘‘शिबिर इथंच घेऊ म्हणतात. कागद व्हायचेत अजून, पण भय्यासाहेब स्वतः म्हणाले. आणि विचारत होते, तुमच्या वडिलांना इकडं घेऊन या ना म्हणून. मुलांना वारा शिकवायला.’’

‘‘बघू,’’ दत्तात्रय म्हणाले. मग वही जवळ ओढली. ‘‘मुक्ता, एक दुरुस्ती राहिलीय.’’

‘‘आईची? ती झाली ना.’’

‘‘आईची नाही. माझी. जुनी आहे.’’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोर वही होती, पण त्या वहीत ती नोंद नव्हती; ती कुठंच लिहिलेली नव्हती, तिघांना पाठ होती. ‘‘तीन वर्षांपूर्वीची. जूनची चौदा तारीख, सकाळी साडेआठ. नोंद अशी आहे : वाऱ्याच्या भरवशावर पोट भरत नसतं. जायचं तर जा, मला फोन करायचा नाही. यावर एक आडवी रेघ मार.’’

पलीकडून तिच्याकडचा वारा बोलत होता.

‘‘खोडायचं नाही ते,’’ दत्तात्रय म्हणाले. ‘‘मी बोललो होतो, ते दिसू दे. वर लिही : भरतं. माझं भरलं, तिचं भरेल. आणि फोन रोज करायचा. मला.’’

‘‘लिहिलं,’’ मुक्ता रडत रडत म्हणाली. मग नाक ओढून, लहानपणी नोंदवहीशी खेळताना विचारायची तसं तिनं विचारलं, ‘‘आणि सही?’’

अडतीस वर्षं या माणसानं प्रत्येक दुरुस्तीखाली तीच दोन आद्याक्षरं केली होती, आपल्या नावाचं आणि वडिलांच्या नावाचं. ती त्यांच्या ओठावर आलीही. उषाताई चहाची कपबशी धरून बघत होत्या. पण दत्तात्रय थांबले, आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरून म्हणाले,

‘‘सही… बाबा.’’